‘मोफत’ ह्या शब्दाविषयीं

गेल्या उन्हाळ्यांत एका खेडेगांवीं आमचा दोन दिवस मुक्काम होता. यजमान प्राथमिक शाळेंतून निवृत्त झालेले शिक्षक असून गांवांतील लहानथोर त्यांस मास्तर म्हणूनच ओळखतात. रात्रीं जेवणें झाल्यावर शेजारच्या एक आजीबाई आपल्या पंधरा वर्षांच्या नातवास घेऊन आल्या. मुलाचे आईबाप पुण्यास बांधकामावर असतात. घरांत हीं दोघेंच. आजीबाईंनीं पदराखालून बँकेचें पुस्तक काढून मास्तरांपुढें ठेविलें आणि म्हणाल्या, “मास्तर, दर महिन्याला माझे पैशे कोण नेतंय ते बघा. बँकेतला साहेब म्हणतो, आजी, तुम्हीच दिले. मी कुणाला बी दिले न्हाईत.”

पुस्तक पाहतां पांच महिने ओळीनें २९९ रुपये वजा झालेले दिसले. एकंदर १,४९५ रुपये. आजीबाईंस सरकारकडून दरमहा १,५०० रुपये अनुदान मिळतें, म्हणजे सबंध एका महिन्याचें अनुदान, पांच रुपये कमी, कोणाच्या तरी घशांत गेलें होतें. मास्तरांनीं मुलास जवळ बसवून विचारलें तेव्हां सर्व उलगडा झाला. आजीला जुनीं गाणीं आवडतात म्हणून त्यानें फोनवर एक जाहिरात पाहून गाण्यांची सोय करून घेतली होती. जाहिरातींत ‘मोफत’ हा शब्द डोळ्यांत भरेल अशा अक्षरांनीं लिहिलेला होता. केवळ खात्याची खातरजमा करण्यासाठीं एक रुपया मागितला होता. मुलानें गुप्त अंक दाबून तो दिला, सात दिवस गाणीं वाजलीं, आणि आठव्या दिवसापासून दरमहाची वजाबाकी सुरू झाली. पहिल्या दोन आठवड्यांनंतर आजीबाईंनीं गाणीं ऐकलींही नव्हतीं, कारण फोन मुलाबरोबर शाळेंत जाई.

मुलगा रडूं लागला. मास्तरांनीं त्यास समजावून घरीं पाठविलें. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, “लबाडी झाली असें मला वाटतें खरें, पण ती कोठें झाली तें दाखवितां येत नाहीं. मीं फोनवर तें पान पुन्हा काढून पाहिलें. खालीं बारीक इंग्रजी अक्षरांत सर्व लिहिलेलें आहे. खोटा असा एकही शब्द नाहीं. मग ह्यास असत्य म्हणावें काय?”

हा प्रश्न आम्हांस त्या रात्रीं झोपूं देईना, आणि तो आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं आज ना उद्यां येणार आहे. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो तें पाहूं. त्याच्या तऱ्हा अनेक आहेत, परंतु बीज एकच. कोणी वस्तु मोफत म्हणून देतो, आणि मागवूं गेलें असतां पाठवणावळ म्हणून वस्तूच्या किंमतीहून अधिक रक्कम घेतो. कोणी पहिल्या पानावर एक भाव दाखवितो, आणि नांव, गांव, पत्ता इत्यादि सर्व लिहून झाल्यावर शेवटच्या पानावर हाताळणी, बांधणी, सोयीचा आकार अशा नांवांनीं त्यांत भर घालतो. तोंपर्यंत गिऱ्हाइकानें इतका वेळ घातलेला असतो कीं मागें फिरणें त्याच्या जिवावर येतें. कोणी खेळ किंवा शिकवणी फुकट देतो, आणि मूल त्यांत रंगलें म्हणजे पुढच्या पायरीस दाम मागतो. आणि चौथी तऱ्हा आजीबाईंच्या घरीं घडली ती. हींत दुकानदार गिऱ्हाइकाच्या आवडीवर पैसे मिळवीत नाहीं, त्याच्या विसरण्यावर मिळवितो. वस्तु वापरली गेली तरी पैसे, न वापरली तरी पैसे; किंबहुना न वापरली तर त्याला अधिकच बरें.

आतां मास्तरांच्या प्रश्नाकडे वळूं. शब्द खरे असले म्हणजे बोलणारा खरा ठरतो काय?

पावसाळ्याचे दिवस आहेत असें समजा. एक वाटसरू फाट्यावरील मनुष्यास विचारतो, “हा रस्ता पलीकडच्या गांवीं जातो ना?” तो उत्तर देतो, “होय, तिकडेच जातो.” हें अक्षरशः खरें आहे. परंतु पुढील पूल कालच्या पुरांत वाहून गेला आहे हें त्यास ठाऊक असून तो तें सांगत नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्या तुटलेल्या पुलापाशीं त्याच्या भावाची होडी उभी असून ती माणशीं पन्नास रुपये घेते. वाटसरू दोन कोस चिखल तुडवीत तेथें पोहोंचतो, आणि आतां मागें कोठें जावें म्हणून मुकाट्यानें पैसे देतो. त्या फाट्यावरील मनुष्यास आपण काय म्हणूं? त्याच्या शब्दांत दोष काढतां येणार नाहीं. परंतु त्यानें शब्द निवडले ते वाटसरूच्या मनांत खोटी समजूत उत्पन्न व्हावी म्हणून. असत्य हें जिभेवर राहत नाहीं. ऐकणाऱ्याच्या मनांत जी समजूत आपण जाणूनबुजून रुजवितों तींत तें राहतें. पुलाची हकीकत रस्त्याच्या कडेला एखाद्या दगडावर मुंगीएवढ्या अक्षरांत, परकी भाषेंत, कोरून ठेविली होती असें त्यानें नंतर दाखविलें, म्हणून तो सुटत नाहीं. उलट, ती अक्षरें त्यानें मुद्दाम बारीक कोरलीं, ह्यावरून त्याचा हेतु अधिकच उघड होतो.

ह्यावरून एक कसोटी आम्हांस सुचते. ‘मोफत’ हा शब्द जेवढ्या मोठ्या अक्षरांत छापला, तेवढ्याच अक्षरांत त्याच ओळींत ‘आठव्या दिवसापासून दरमहा २९९ रुपये’ असें छापण्यास जाहिरातदार राजी आहे काय? राजी असेल तर त्याच्या देण्यांत कपट नाहीं. आणि असें छापल्यास आपलें गिऱ्हाईक पळून जाईल अशी भीति त्यास वाटत असेल, तर त्याचा धंदा वस्तूवर चालत नसून गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर चालतो, हें त्यानें स्वतःच कबूल केलें.

फुकट देणारा प्रत्येक व्यापारी लबाड, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आठवड्याच्या बाजारीं गूळवाला बोटभर गूळ हातावर ठेवतो. द्राक्षवाला एक मणी चाखावयास देतो. गोडी पटली तर घ्या, नाहीं तर पुढें जा. कोणी हात धरीत नाहीं. तो मणी खराच फुकट असतो, आणि देणाऱ्याचा हेतु घेणाऱ्यास पूर्ण ठाऊक असतो. जुन्या करारांतील मकपेलाच्या शेताचा सौदा आमच्या उपदेशक बंधूंस आठवत असेल. अब्राहाम आपल्या पत्नीसाठीं कबरेची जागा मागतो. हेथी एफ्रोन सर्व लोकांसमक्ष म्हणतो कीं शेत दिलेंच असें समजा. आणि थोड्या वेळानें सहज बोलावें तसें चारशें शेकेल रुप्याचें नांव काढतो. आमच्या गांवचा वाणीही हेंच करीत असे: “घ्या हो मास्तर, पैशाचें काय एवढें!” आणि वहींत आकडा मांडी. हें कपट होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ती बोलण्याची रीत होती, आणि तिचा अर्थ उभयतांस सारखाच ठाऊक होता. अब्राहामानें मुकाट्यानें रुपें तोलून दिलें, त्यास फसल्यासारखें वाटलें नाहीं. मोफत हा शब्द घातक होतो तो एकास अर्थ ठाऊक आणि दुसऱ्यास नाहीं, अशा ठिकाणीं. पंधरा वर्षांच्या मुलास ही रीत कोणीं शिकविली होती?

कोणी म्हणतील, लोभ धरला म्हणून फसलीं. ‘फुकट तें पौष्टिक’ असें म्हणणाऱ्यांची ही गत व्हावयाचीच. हें बोलणें सोपें आहे, आणि तें बोलणारा बहुधा स्वतः कधींच फसलेला नसतो, किंवा फसलेलें सांगत नाहीं. शांपानिए, मझार व ॲरिएली ह्या तीन पंडितांनीं २००७ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांपुढें दोन प्रकारचीं चॉकलेटें ठेविलीं, एक उंची आणि एक साधें. उंचीची किंमत १५ सेंट आणि साध्याची १ सेंट असतां घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ७३ लोकांनीं उंची चॉकलेट घेतलें. मग दोहोंची किंमत एकेक सेंट कमी केली. म्हणजे उंची १४ सेंटांस, साधें फुकट. दोहोंतील अंतर होतें तेवढेंच राहिलें. तरी आतां शेंकडा ६९ लोक साध्याकडे वळले. हे लोक दरिद्री किंवा अडाणी नव्हते. शून्य हा आंकडा पाहिला कीं मनुष्याच्या मनांतील तराजू तोलावयाचें विसरतो, कारण जेथें कांहीं द्यावयाचें नाहीं तेथें कांहीं गमावण्याचें भय नाहीं असें त्यास वाटतें. हा मनुष्यस्वभावाचा दुबळेपणा आहे, पाप नव्हे. आणि दुसऱ्याचा दुबळेपणा ओळखून त्यावर दुकान थाटणारा तो दुबळेपणा असणाऱ्यास लोभी म्हणतो, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे.

बरें, त्या मुलानें संमति दिलीच होती, हा आणखी एक आक्षेप. ‘मान्य’ असें लिहिलेल्या जागीं त्यानें बोट ठेविलें, गुप्त अंक दाबला. मग तक्रार कसली? ह्या बोटावरून आम्हांस दुसऱ्या एका बोटाची आठवण होते. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दुकानें फोडून कर्जरोखे जाळले, आणि तो दंगा पुणें व अहमदनगर ह्या दोन्ही जिल्ह्यांत पसरला. त्या रोख्यांवरील खुणा व निशाण्या खऱ्याच होत्या. मजकूर मात्र सावकारानें लिहिलेला. कुणब्यानें तो वाचलेला नव्हता, वाचतां येतही नव्हता. त्यापुढें चार वर्षांनीं, १८७९ सालीं, दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत न्यायाधीशानें केवळ रोख्यावर न जातां मूळ देणेंघेणें काय झालें ह्याचा इतिहास तपासावा, आणि असे लेख गांवच्या नोंदणी-कामगारासमोर व्हावेत, असें ठरलें. म्हणजे आंगठा म्हणजे संमति नव्हे, समजून दिलेला आंगठा ती संमति, हें दीडशें वर्षांपूर्वीं ह्याच मुलुखांत एकदां मान्य झालेलें आहे. आज रोख्याच्या जागीं काचेचें पान आलें. मजकूर अजून समोरचाच लिहितो, बोट अजून आमचेंच असतें.

शिवाय, विसरणें म्हणजे होकार असें कोणत्या नीतींत बसतें? पाहुण्यास आम्ही म्हटलें, सात दिवस राहा; आणि आठव्या दिवशीं आम्ही हटकलें नाहीं म्हणून तो घराचा मालक होतो काय? एकदां दिलेला ‘होय’ किती दिवस पुरतो, ह्याचा निर्णय घेणाऱ्यानें एकट्यानें करावयाचा नसतो.

सरकारही ह्याविषयीं अगदींच स्वस्थ बसलेलें नाहीं. दिलेल्या वस्तूची किंमत एकंदर व्यवहारांत वसूल करून ती फुकट दिल्याचा भास करणें, हा अनुचित व्यापार होय, असें १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांतच होतें, आणि त्याच्या जागीं आलेल्या २०१९ च्या कायद्यांतही आहे. जून २०२२ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जाहिरातींविषयीं नियम काढून असें सांगितलें कीं, जाहिरातीस उत्तर देण्याचा अपरिहार्य खर्च आणि वस्तु आणण्यापोहोंचविण्याचा खर्च ह्यांपलीकडे एक पैसा जरी घ्यावयाचा असेल तरी ‘मोफत’ हा शब्द वापरूं नये. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं त्याच प्राधिकरणानें फोनवरील अशा तेरा युक्त्यांचीं नांवें घेऊन त्यांस मनाई केली. त्यांत मागाहून वाढत जाणारी किंमत आहे, आणि फुकट सोय देण्यासाठीं खात्यांतून आपोआप पैसे काढण्याची परवानगी मागणें हेंही आहे. खोट्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें १ ऑक्टोबर २०२१ पासून असा हप्ता कापण्यापूर्वीं निदान चोवीस तास अगोदर खातेदारास सूचना गेली पाहिजे. सूचना आजीबाईंसही गेली होती. ती इंग्रजींत होती, आणि फोन शाळेंत होता.

हा रोग कांहीं आमच्याच देशांतला नव्हे. अमेरिकेंत इंट्युइट ही कंपनी लोकांचीं प्राप्तिकराचीं विवरणपत्रें भरण्याची सोय विकते. तिच्या कांहीं जाहिरातींत पात्रें जवळ जवळ ‘मोफत’ एवढाच शब्द बोलत. मे २०२२ मध्यें तेथील पन्नासही संस्थानांशीं तडजोड करून तिला १४ कोटी १० लक्ष डॉलर द्यावे लागले. सुमारें ४४ लक्ष लोक असे निघाले कीं ज्यांस ती सोय फुकट मिळण्याचा हक्क असतां त्यांनीं पैसे भरले होते. आपला दोष मात्र कंपनीनें मान्य केला नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत ॲमेझॉननें वर्गणीदार करून घेण्याच्या अशाच एका तक्रारीवरून २५० कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें, आणि दोष तिनेंही मान्य केला नाहीं. त्या खटल्यांत सरकारी फिर्यादींत एक गमतीची गोष्ट होती: वर्गणी बंद करण्याच्या वाटेस कंपनीच्या आंतल्या लोकांनीं ‘इलियड’ असें नांव ठेविलें होतें. इलियड हें होमरचें एका लांबलचक युद्धावरील महाकाव्य आहे. आंत येण्यास एक बोट, आणि बाहेर पडण्यास महाकाव्य! हें नांव ज्यानें ठेविलें त्यास आपण काय करीत आहों हें पक्कें ठाऊक असलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मास्तरांनीं मुलास बोलावून फोनवरील ती परवानगी रद्द करविली. पैशांच्या ज्या ॲपमधून ती दिली जाते त्यांतच ‘ऑटोपे’ नांवाखालीं अशा सर्व परवानग्यांची यादी असते, आणि तेथूनच ती रद्द होते. गाण्यांचें ॲप नुसतें काढून टाकल्यानें हप्ता थांबत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मग १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदविली. हें लिहीपर्यंत पैसे परत आले नव्हते.

आतां एक कडू गोष्ट. ह्या कंपन्यांस नांवें ठेवितांना आम्हांस आमच्याच जवळच्या कांहीं पाट्या आठवल्या. अमुक शाळेंत मोफत शिक्षण. आणि प्रवेशाच्या दिवशीं इमारत-निधि, गणवेश, स्नेहसंमेलन. अमुक वसतिगृहांत मोफत राहणें. आणि महिन्याच्या अखेरीस दिव्याचा खर्च. संस्था चालविणें कठीण आहे, हें आम्ही जाणतों. स्वतः हिशेब लिहिले आहेत. पैसे घेण्यांत पाप नाहीं. परंतु जो बाप हा शब्द वाचून, मुलीच्या पायांत चप्पल घालून, दहा कोस चालत आला, आणि फाटकाशीं पैसे मोजूं न शकल्यामुळें तिला घेऊन परत गेला, त्याच्या दृष्टीनें आमची पाटी आणि फोनवरील ती जाहिरात ह्यांत फरक काय? वीस रुपये लागतील असें पाटीवर लिहिलें असतें तर तो कदाचित् वीस रुपये घेऊनच आला असता.

ह्या सर्व प्रकरणांत १,४९५ रुपये हें सर्वांत लहान नुकसान होय असें आम्हांस वाटतें. तें कां, हें त्याच दिवशीं दुपारीं कळलें.

आजीबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे. उजव्यानें माणूस उभा आहे एवढें दिसतें, डाव्यानें तेंही नाहीं. देशांत अंधत्व-निवारणाचें सरकारी काम १९७६ सालापासून चालू आहे, आणि त्याच्या साहाय्यानें पुष्कळ धर्मार्थ रुग्णालयें खेड्यांतून शिबिरें भरवितात. असेंच एक शिबिर पुढल्या आठवड्यांत तालुक्यास भरणार होतें. शस्त्रक्रिया, औषध, चष्मा, जाणेंयेणें, सर्व मोफत. मास्तरांनीं त्याचा कागद आणून आजीबाईंचें नांव घालण्याविषयीं विचारलें. त्या ताडकन् म्हणाल्या, “न्हाई. फुकट म्हणत्यात न्हवं? मग कुठं तरी वजाबाकी असंल. आता माझ्याकडं काय बी ऱ्हायलं न्हाई.”

मास्तरांनीं परोपरीनें समजाविलें. हे लोक निराळे, तेथील वैद्य ओळखीचे, शेजारच्या वाडींतील चारजणी गेल्या वर्षीं जाऊन डोळस होऊन आल्या. आजीबाई ऐकून घेत होत्या, पण मान हलवीत होत्या. ज्या शब्दानें त्यांस खड्ड्यांत घातलें तोच शब्द आतां कोणी खऱ्या दयेनें उच्चारीत होता, आणि दोहोंचा आवाज त्यांच्या कानास एकच येत होता. त्या गाणेंवाल्या कंपनीनें आजीबाईंच्या खात्यांतून पैसे काढले तसाच त्या रुग्णालयाच्या खात्यांतूनही कांहीं काढलें होतें. आणि त्याची नोंद कोणत्याही पुस्तकांत नव्हती.

निघण्यापूर्वीं आम्ही त्यांच्या ओसरीवर गेलों. त्यांनीं तो कागद मास्तरांकडून मागून घेतला होता. आमच्या हातीं देऊन म्हणाल्या, “वाचा. समदं वाचा. बारीक अक्षर बी.” आम्हीं पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नांवापर्यंत सर्व वाचलें. “आणखी एकदा,” त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनीं कागद परत घेतला, उलटा केला, आणि पाठच्या बाजूवरून सावकाश बोट फिरवीत नातवास विचारलें, “हिकडं काय लिव्हलंय?”

“इकडं कोरं आहे, आजी,” मुलगा म्हणाला.

त्यांनीं कागदाची घडी करून ती कनवटीस लाविली. मोटारीची वेळ झाली होती म्हणून आम्ही निरोप घेतला.